चाळीस हजारांमागे दोन डॉक्टर

नंदुरबार तालुक्यातील कोरीट या गावी काही वर्षांपूर्वी एका जुन्या घराच्या ओसरीवर बसण्याचा योग आला. घर मातीचे होते. दाराच्या चौकटीशेजारी, चुन्याच्या अनेक पुटांखाली अर्धीमुर्धी बुजलेली एक नक्षी मला दिसली. जवळ जाऊन पाहिले तेव्हा कळले की ती नक्षी नसून तक्ता आहे. त्यात आडव्याउभ्या रेघा होत्या, रकान्यांत तारखा होत्या आणि तारखांपुढे कुणाची तरी आद्याक्षरे. घरातील वृद्ध गृहस्थांनी खुलासा केला. हा मलेरियावाल्याचा तक्ता. तो दर पंधरा दिवसांनी येई, घरात कुणाला ताप येऊन गेला काय असे विचारी, आला असल्यास बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेई, गोळ्या देई आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी जाई. “फादर, तो यायचाच,” असे म्हणून ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांच्या स्वरात कौतुकापेक्षा खात्री अधिक होती.

देशाच्या प्राथमिक आरोग्यव्यवस्थेची कुवत किती, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा इमारती, मंजूर पदे आणि खाटा यांच्या संख्येत दिले जाते. त्या संख्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु कोरीटच्या त्या भिंतीवर जे मोजले गेले होते ते निराळे होते. घराच्या उंबरठ्यापर्यंत व्यवस्था किती वेळा पोहोचली, याची ती नोंद होती. या दोन मापांतील अंतर कसे आणि केव्हा पडत गेले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. त्या इतिहासाचा आरंभ एका नाशिककर ख्रिस्ती गृहस्थापाशी होतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिक येथे झाला. पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात आणि डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन ते विलायतेस गेले, सनदी नोकरीत शिरले, कोचीन संस्थानचे दिवाण झाले आणि पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. त्यांच्या पत्नी वैद्यकशास्त्राच्या पदवीधर होत्या. स्वतः भोर मात्र डॉक्टर नव्हते. तरीही १९४३ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, हिंदुस्थानच्या आरोग्याची पाहणी करून त्याची पुढील आखणी करण्याचे काम त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवले गेले. समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला.

त्या अहवालातील आकडे आजही वाचवत नाहीत. जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. रुग्णालयातील खाटा हजार लोकांमागे पाव खाटसुद्धा भरत नव्हत्या. डॉक्टर होते तेही बहुसंख्येने शहरांत आणि गावे मात्र रिकामी. समितीने एक तत्त्व मांडले की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. एक आराखडाही दिला. तात्पुरती सोय म्हणून चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र असावे. तेथे दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक परिचारिका, चार प्रसूतिसेविका, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य साहाय्यक, एक औषधनिर्माता आणि पंधरा इतर कर्मचारी असावेत. ही बेरीज पस्तीस होते. दूरच्या पल्ल्याची योजना याहून मोठी होती. तीत दहा ते वीस हजार लोकांमागे एक केंद्र आणि त्यास पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय जोडलेले असावयाचे होते. सरकारी खर्चाचा किमान पंधरा टक्के वाटा आरोग्यावर जावा, असेही समितीने म्हटले.

पस्तीस माणसांची ती यादी मी मुद्दाम संपूर्ण दिली. तीत डॉक्टर केवळ दोन आहेत. उरलेले मनुष्यबळ हिंडणारे, पाण्याची विहीर पाहणारे, बाळंतिणीच्या खाटेशी बसणारे आहे. समितीच्या मनातील आरोग्य केंद्र गावात वावरणारे होते. रोगी चालत येईल आणि डॉक्टर खुर्चीत बसेल, अशी कल्पना त्यामागे नव्हती.

स्वातंत्र्यानंतर काय घडले ते सर्वश्रुत आहे. १९५२ च्या २ ऑक्टोबर रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्या अंतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली, पण एका विकास गटाला एक या हिशेबाने. गटाची लोकसंख्या साठ हजारांपासून लाखापर्यंत असे. म्हणजे भोर समितीने जी सोय तात्पुरती म्हणून सांगितली होती, तिच्याही निम्म्यावर आपण काम भागवले. पैशाची चणचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच काळात शहरांतील मोठी रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली, हेही नाकारता येणार नाही. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रे त्यांच्या ताब्यात गेली. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्याचा भाग होता. त्याआधी त्या सबंध मुलखास पश्चिम खानदेश म्हणत. १९९८ साली १ जुलै रोजी तो स्वतंत्र झाला.

आता पुन्हा त्या भिंतीकडे वळू. मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ साली आणि निर्मूलनाचा १९५८ साली सुरू झाला. त्यापूर्वी देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६१ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास उतरली. डीडीटीचा फवारा हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण म्हणजे दर पंधरा दिवसांनी दाराशी येणारा तो मनुष्य. आरोग्यव्यवस्थेतील कुणीतरी प्रत्येक घराशी नियमाने बोलत आहे, असे आपल्या देशात बहुधा प्रथमच घडत होते.

मग सरकारच्या मनात एक साहजिक विचार आला. हा मनुष्य घरोघर जातोच आहे, तर त्याच्याकडे आणखी कामे का देऊ नयेत? १९६३ साली चढ्ढा समितीने दहा हजार लोकांमागे एक मूलभूत आरोग्य कार्यकर्ता सुचवला. त्याने मलेरियाची देखरेख करावी, जन्ममृत्यूंची नोंद ठेवावी आणि कुटुंबनियोजनाचेही काम पाहावे. दोनच वर्षांत, १९६५ साली, मुखर्जी समितीला सांगावे लागले की यात ना मलेरियाचे काम धड होते आहे, ना कुटुंबनियोजनाचे. तेव्हा दोन्ही वेगळी करा. पुढे १९७३ साली कर्तारसिंग समितीने पुन्हा बहुउद्देशीय कार्यकर्त्याची शिफारस केली. म्हणजे दहा वर्षांत धोरण एक पूर्ण फेरी मारून आले. या अवधीत कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे वाढत गेली. आणीबाणीच्या काळात तर केंद्रातील प्रत्येक कर्मचाऱ्याचे मूल्य त्याने किती शस्त्रक्रिया घडवून आणल्या यावर ठरू लागले. १९७६ साली देशात मलेरियाचे चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. डासांनी डीडीटी पचवले हे त्याचे एक कारण खरेच. पण दाराशी येणारा मनुष्य दुसऱ्याच कामाला जुंपला गेला, हेही कारण तितकेच खरे आहे असे माझे मत आहे. कुटुंबनियोजनाची ही उद्दिष्टे १९९६ च्या एप्रिलपर्यंत चालू होती. यंत्रणेची कुवत मोजण्यासाठी आपण जे माप निवडतो, त्याच मापाकडे ती यंत्रणा वाकते, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

याच काळात एक वेगळा प्रयोग आपल्याच राज्यात आकार घेत होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकून, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन, १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले. प्रशिक्षित परिचारिकांनी खेड्यांत राहावे, अशी त्यांची प्रथम कल्पना होती. ती फसली. शहरात शिकलेल्या एकट्या तरुण मुलीने परक्या खेड्यात राहणे सोपे नव्हते. त्यात तिला दोष देण्यासारखे काही नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना, ज्यांतील पुष्कळजणी निरक्षर आणि कित्येक दलित होत्या, शिकवण्याचे ठरले. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, शिकायचे, आणि उरलेले दिवस आपल्या गावात आपल्या घरी राहून काम करायचे. प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार १९७१ साली हजारी १७६ असलेला बालमृत्यूदर १९७६ साली ५२ वर आला. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडची वार्ता जिनेव्हाला पोहोचली ती चर्चच्या वाटेने, हे येथे नमूद केले पाहिजे. चर्चेसच्या जागतिक परिषदेने १९६८ साली ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला होता. मिशनची रुग्णालये उपचार उत्तम करतात. पण त्यांच्या कुंपणाबाहेरचे गाव पूर्वीइतकेच आजारी राहते, हा प्रश्न त्या आयोगाने स्वतःलाच विचारला. हा प्रश्न आम्हा कॅथलिकांच्या संस्थांनाही तितकाच लागू होता आणि आहे. आपण तो तेवढ्या रोखठोकपणे विचारला असे मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हाफडान माहलर हे डेन्मार्कचे. एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचे ते पुत्र आणि पन्नाशीच्या दशकात क्षयरोगाच्या कामासाठी त्यांनी भारतात जवळजवळ दहा वर्षे काढली होती. त्यांचे आणि आयोगाचे सूर जुळले. १९७५ साली संघटनेने लोकांनी उभारलेल्या आरोग्यसेवेवर जो ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. तीन वर्षांनी, १९७८ च्या सप्टेंबरात, तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य, अशी घोषणा झाली.

घोषणेची शाई वाळण्यापूर्वीच माघारही सुरू झाली. १९७९ साली दोन अमेरिकन तज्ज्ञांनी असा युक्तिवाद केला की, सर्वांगीण प्राथमिक सेवा गरीब देशांना परवडणारी नाही. तेव्हा निवडक रोगांवरील निवडक उपायच करावेत. जलसंजीवनी, लसीकरण, स्तनपान, वाढीचा तक्ता हे उपाय चांगलेच होते आणि त्यांनी लक्षावधी बालके वाचवली. परंतु मोहिमेच्या दिवशी सारे हात मोहिमेकडे जातात आणि बाकीचे आजार मोहीम संपण्याची वाट पाहत नाहीत.

येथे एक आठवण सांगणे भाग आहे. गुरुदीक्षा घेऊन मला दोन वर्षेही झाली नव्हती. १९९० च्या दशकाची अखेर होती, आणि मी सातपुड्याच्या बाजूला एका लहान धर्मग्रामात साहाय्यक होतो. एका सकाळी डोंगरातल्या पाड्यावरून चार माणसे बांबूला बांधलेल्या झोळीतून एका बाळंतिणीला घेऊन खाली उतरली. बाळ रात्री झाले होते, रक्त थांबत नव्हते. जवळच्या केंद्रापर्यंत ती माणसे पाच तास चालली होती. मी त्यांच्याबरोबर गेलो. केंद्र उघडे होते, औषधांचे कपाट भरलेले होते, भिंतीवर मंजूर पदांचा फलक रंगवलेला होता. फक्त माणूस नव्हता. डॉक्टर जिल्ह्याच्या बैठकीला आणि परिचारिका पोलिओच्या डोससाठी दुसऱ्या खोऱ्यात. शिपायाने प्रामाणिकपणे सांगितले की संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही. आम्ही जीप शोधली. ती स्त्री वाटेत गेली. बाळ तिच्या सासूच्या पदरात होते.

त्या परिचारिकेला मी नंतर भेटलो. त्या दिवशी तिने किती पाड्यांवर किती बालकांना डोस पाजले, ते तिने वही उघडून मला दाखवले. वही चोख होती. तिच्यावर रागावण्याच्या तयारीने मी गेलो होतो; परतताना तो राग कुठे ठेवावा हे मला कळेना. कागदावर त्या केंद्राची कुवत त्या दिवशी शंभर टक्के होती.

ऐंशीच्या दशकात लोकसंख्येचे जे निकष ठरले ते आजही मूळ धरून आहेत. सपाटीवर तीस हजार लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे वीस हजार आणि तीन हजार. डोंगराला सवलत दिली, ही गोष्ट चांगलीच. पण नंदुरबार जिल्ह्याचाच नकाशा पाहा. तापीच्या दक्षिणेला नंदुरबार तालुक्यात सुरत-भुसावळ लोहमार्ग आहे, डांबरी रस्ते आहेत. कोरीटसारख्या गावातून आजारी माणूस त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतो. उत्तरेस अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांत एकच गाव निरनिराळ्या डोंगरसोंडांवरील पाड्यांत विखुरलेले असते आणि तीन हजार लोक गोळा करायचे तर कित्येक पाडे आणि ओढे ओलांडावे लागतात. माणसे मोजणाऱ्या निकषाला चढ मोजता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात पुढे हे ओळखले गेले आणि दुर्गम भागात तीस मिनिटांच्या चालीत उपकेंद्र असावे, असा वेळेवर आधारलेला निकष मांडला गेला. तो मला सर्वाधिक शहाणा वाटतो. त्याप्रमाणे सातपुड्याची मोजणी प्रामाणिकपणे केली, तर किती उपकेंद्रे कमी भरतील याची कल्पना करून पाहावी.

मोजणीत आणखी एक फट आहे. दिवाळीनंतर जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात. त्यांची लोकसंख्या अक्राणीत मोजलेली, शरीरे मात्र सुरतेकडच्या फडात. गर्भवतीची नोंद एका राज्यात, प्रसूती दुसऱ्या राज्यात आणि बाळाची दुसरी लस कुठेच नाही. शिवाय सरदार सरोवराच्या पाण्याने राज्यातील जी तेहतीस गावे बाधित झाली ती याच दोन तालुक्यांतील. नर्मदाकाठच्या पाड्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, म्हणून तेथे तरंगता दवाखाना आणि नौका यांची सोय करावी लागली. २०२० साली टाळेबंदीत गर्भवती आणि बालके केंद्रापर्यंत येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत ती त्यांच्याकडे जाऊ लागली. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. मला मात्र ते वाचताना कोरीटची भिंत आठवली. एकेकाळी जे नित्याचे काम होते, ते आता शौर्य म्हणून छापावे लागते.

दाराशी जाणारा माणूस हाच कुवतीचा गाभा आहे, याचा शास्त्रीय पुरावा आपल्याच राज्याने जगाला दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची घरी काळजी घेण्यास शिकवले, श्वास मोजण्यास आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देण्यास शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या गावांतील नवजातमृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ पर्यंत उतरले होते. सरकारने १९७७ साली देशभर जो ग्रामीण आरोग्यरक्षक नेमला होता, तो बहुतेक ठिकाणी पुरुष होता. महिना पन्नास रुपये मानधन आणि तीन महिन्यांचे शिक्षण एवढ्यावर त्याला सोडून दिले होते. त्या योजनेतून जामखेडचा सांगाडा तेवढा उचलला गेला, त्यातला जीव राहून गेला. २००५ साली आलेल्या ‘आशा’ या योजनेने ती चूक बरीचशी सुधारली. कार्यकर्ती गावातली स्त्रीच असावी, हे ठरले, आणि २०११ पासून नवजाताच्या घरभेटी तिच्या कामात आल्या. पण तिचे मानधन अजूनही बरेचसे कामागणिक मोबदल्यावर अवलंबून आहे. जे काम मोजता येते त्याला पैसे आणि बाळंतिणीशेजारी रात्रभर बसणे हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

राज्याचा सरासरी बालमृत्यूदर २०२० साली हजारी १६ पर्यंत खाली आला. भोर समितीच्या १६२ शी तुलना केली तर हा एका शतकाहून कमी काळातील मोठाच पल्ला आहे आणि तो पाहून आनंद न वाटणारा मनुष्य कृतघ्न म्हणावा लागेल. परंतु सरासरीच्या आड नंदुरबार आहे. कुटुंब आरोग्याच्या राष्ट्रीय पाहणीत या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. सिकलसेलचा आजार भिल्ल आणि पावरा समाजांत पिढ्यानपिढ्या आहे. दुसऱ्या बाजूने हाच जिल्हा २०२० साली, देशात प्राणवायूची टंचाई भासण्यापूर्वीच, स्वतःचा प्राणवायू प्रकल्प उभारून बसला होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकीय पदवीधर आणि आदिवासी कुटुंबातले. त्याच सुमारास नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. म्हणजे कुवत निर्माण करता येत नाही असे नव्हे. मनात आणले तर या जिल्ह्यात ती काही महिन्यांत उभी राहते. राहिला प्रश्न तो पंधरा दिवसांच्या फेरीचा, जी वर्षानुवर्षे, कुणी पाहत नसताना, चालू ठेवावी लागते. प्राणवायूच्या टाकीचे उद्घाटन होते. या फेरीचे होत नाही.

भोर यांचे निधन १९६० साली झाले. त्यांच्या समितीने चाळीस हजारांमागे दोन डॉक्टर ही सोय पहिल्या टप्प्यापुरती सांगितली होती. आज केंद्रामागची लोकसंख्या तीस हजारांवर आली, महाराष्ट्रात केंद्राला दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदेही मंजूर असतात. म्हणजे कागदोपत्री आपण त्या तात्पुरत्या टप्प्याच्या किंचित पुढे आलो. पंचाहत्तर खाटा आणि खर्चाचा पंधरा टक्के वाटा यांविषयी आता कुणी बोलतही नाही.

गेल्या वर्षी पुन्हा कोरीटला जाणे झाले. ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. जुने घर पाडून मुलांनी स्लॅबचे बांधले आहे आणि तक्त्याची भिंत अर्थातच गेली. नवीन लोखंडी दारावर, कडीच्या वरच्या बाजूला, खडूने इंग्रजीत पी हे अक्षर आणि त्याखाली एक तारीख लिहिलेली होती. पोलिओचे डोस पाजून गेलेल्या मुलींनी केलेली ती खूण होती. त्यानंतर कोण आले होते, असे मी घरच्या सूनबाईंना विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि चहा ठेवण्यासाठी त्या आत गेल्या.